खुन्नस आधी, गट नंतर: अमेरिकन कॉलेज फुटबॉलची वाटणी समजून घेताना

कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठात, एमएससाठी आलो, त्या पहिल्या नोव्हेंबरातली गोष्ट. एका सकाळी लॅबच्या दारावरच्या पाटीत माझ्या आडनावातल्या इंग्रजी ‘एम’वर लाल टेपची फुली मारलेली. पोटात गोळाच आला. परदेशात नवखा माणूस आधी स्वतःची चूक शोधतो. बाहेर पडलो तर वाटेतल्या प्रत्येक पाटीवरच्या ‘एम’ची तीच गत. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मुलानं सांगितलं, “शनिवारी मिशिगन आहे.” बस्स, एवढंच. घरात लग्नकार्य असल्यासारखं.

त्या शनिवारी सामना पाहिला. खेळ फारसा कळला नाही, पण कोण जिंकलं याइतकंच कोण कुणाशी भिडलं यालाही इथं मोल आहे, हे कळलं. आणि कुणी कुणाशी दरवर्षी भिडायचं हे ज्या गटवाटणीतून ठरतं, तिच्यावरून ही माणसं बांधाच्या भांडणासारखी भांडतात. आपल्याकडून दरवर्षी इतकी मुलं इकडच्या विद्यापीठांत येतात आणि पहिलं सत्र या गप्पांत नुसती मान डोलावत काढतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक कागद, पेन्सिल आणि अमेरिकेचा नकाशा घेऊन बसा.

पायरी १: शब्दांचा गुंता सोडवा

फुटबॉल म्हणजे अर्थातच त्यांचा, हातात धरून पळायचा. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान, दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी. तूर्त इतके नियम पुरेत.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांची संघटना. तिच्या नावावर जाऊ नका. ‘बिग टेन’ १८९६ सालची, पण आज तिच्यात अठरा विद्यापीठं आहेत. ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये सोळा. आकडा मोजायला गेलात की लोक हसतात.

‘डिव्हिजन’ हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि नवखा हमखास इथंच अडखळतो. एनसीएए ही कॉलेज खेळांची मोठी नियामक संस्था. तिच्या डिव्हिजन वन, टू, थ्री या पातळ्या वेगळ्या. आपण बोलतोय ते एका कॉन्फरन्सच्या पोटात पाडलेल्या दोन गटांबद्दल. मी पुढं त्यांना सरळ गटच म्हणतो.

प्रत्येक संघ ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर बारा सामने खेळतो. त्यातले आठ किंवा नऊ आपल्या कॉन्फरन्समधले. डिसेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सची अंतिम लढत. कॉन्फरन्समध्ये सोळा-अठरा संघ आणि सामने आठ-नऊ, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. सगळी भांडणं इथून सुरू होतात.

पायरी २: खरी खुन्नस ओळखा

आपल्या विद्यापीठाच्या प्रतिस्पर्ध्यांची नावं कागदावर लिहा. खरी खुन्नस कोणती हे ओळखायला माझी एक चाचणी आहे. लॅबमधल्या इथंच वाढलेल्या माणसाला विचारा, “बाकीचे अकरा हरलो आणि हा एक जिंकलो, तर चालेल?” उत्तर देण्याआधी तो क्षणभर जरी घुटमळला, तरी ती खरी.

मिशिगन आणि ओहायो स्टेटचा पहिला सामना १८९७ सालचा. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी होणाऱ्या या लढतीला नुसतं ‘द गेम’ म्हणतात. दुसरा कुठला गेम असतो हे जणू त्यांना मान्यच नाही. अ‍ॅन आर्बरच्या, म्हणजे मिशिगनच्या, मैदानात लाखाहून जास्त माणसं बसतात. टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून १८३५ साली ही दोन राज्यं हातघाईवर आली होती, हा इतिहास तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. ऐकून घ्या, पण फुटबॉल त्यानंतर साठ वर्षांनी आला हेही ध्यानात असू द्या.

अलाबामा आणि ऑबर्न एकाच राज्यातले. १८९३ साली सुरुवात झाली. १९०७च्या सामन्यानंतर खेळाडूंच्या खर्चावरून आणि पंच कुठला आणायचा यावरून बिनसलं, ते थेट १९४८ साली पुन्हा समोरासमोर आले. एक्केचाळीस वर्षं! भाऊबंदकी म्हणतात ती हीच. २०१३ साली २८-२८ अशी बरोबरी आणि घड्याळात एक सेकंद उरलेला. अलाबामानं लांबून मारलेला किक तोकडा पडला, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसनं तो मैदानाच्या टोकाशी झेलला आणि अख्खं मैदान पार करून पलीकडं पोचवला. ऑबर्न ३४, अलाबामा २८. हे दोघं एकाच गटात होते, म्हणून त्या एका धावेनं गटही ऑबर्नला मिळाला आणि कॉन्फरन्सच्या अंतिम लढतीची जागाही. हा मुद्दा पायरी चारमध्ये लागेल.

माझी सगळ्यात आवडती मात्र आयोवा-मिनेसोटाची. १९३४च्या सामन्यात आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ओझी सिमन्स याला फार मारझोड झाली. पुढच्या वर्षी सामना आयोवात होता आणि वातावरण तापलेलं. आयोवाच्या गव्हर्नरनं इशारावजा विधान केलं. त्यावर मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी तणाव निवळावा म्हणून पैज लावली: हरणाऱ्यानं एक डुक्कर द्यायचं. आयोवा हरलं आणि खरंखुरं, जिवंत डुक्कर मिनेसोटाला गेलं. आज या सामन्याचा चषक म्हणजे ब्राँझचं डुक्कर, ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’. शेजारच्या विस्कॉन्सिन-मिनेसोटात कुऱ्हाड, पर्ड्यू-इंडियानात लाकडी बादली. आपल्याकडच्या चकचकीत करंडकांची सवय असलेल्याला गंमत वाटते. पण वीस वर्षांची पोरं ती बादली मिठीत घेऊन रडताना दिसली की हसू येत नाही.

याउलट काही खुन्नस नुसती कागदावरची. दोन संघांना जोडीदार सापडत नाही, म्हणून त्यांचीच एकमेकांशी मोट बांधायची. २०११ साली पेन स्टेट आणि नेब्रास्का असे बांधले गेले होते. अशा जोड्या पेन्सिलनं लिहा. खऱ्यांसाठी पेन वापरा.

पायरी ३: हिशेब मांडा

आधी गट आले कुठून ते सांगतो. एनसीएएचा एक नियम होता: कॉन्फरन्समध्ये निदान बारा संघ असतील आणि त्यांचे दोन गट पाडले, तर दोन गटविजेत्यांची एक जादा अंतिम लढत घेता येईल. दक्षिणेतल्या एसईसी, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सनं आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन बारा भरले आणि १९९२ साली बर्मिंगहॅमला पहिली अशी लढत घेतली. अलाबामानं फ्लोरिडाला २८-२१ असं हरवलं, टीव्हीचा पैसा आला, आणि बाकीच्यांचे डोळे विस्फारले. म्हणजे गट हे परंपरेतून आलेले नाहीत. अंतिम लढतीच्या तिकिटासाठी भरलेली ती एक अट होती.

आता बारा संघांचा हिशेब करा. सहाचे दोन गट. गटातले पाच सामने, एकूण आठ, म्हणजे पलीकडच्या सहांसाठी तीन उरतात. चालून जातं. चौदा संघ करून पाहा. सातचे दोन गट, गटातले सहा सामने, उरले दोन. त्यातला एक जुन्या खुन्नसीसाठी राखून ठेवला की पलीकडच्या बाकी सहा संघांना वर्षाला एकच जागा. म्हणजे प्रत्येकाशी सहा वर्षांतून एकदा गाठ, आणि आपल्या मैदानावर बारा वर्षांतून एकदा. आपल्याकडं कुंभमेळा बारा वर्षांनी येतो, पण तो एकाच कॉन्फरन्समधल्या भावाला भेटण्यासाठी नव्हे. टेक्सास ए अँड एम २०१२ साली एसईसीत आलं. २०२३पर्यंत जॉर्जियाचा संघ एकदाही त्यांच्या गावी खेळायला गेला नाही. चार वर्षांची पदवी घेणाऱ्या मुलांच्या तीन तुकड्या तेवढ्यात बाहेर पडल्या.

म्हणून कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा: चार वर्षं. कुठलीही वाटणी तपासताना माझं माप हेच. एका विद्यार्थ्याच्या चार वर्षांत किती संघ त्याच्या मैदानावर येतात?

पायरी ४: वाटणी करून पाहा, आणि ती कुठं फसते ते बघा

बारा संघांचे सहा-सहाचे दोन गट पाडायचे ४६२ मार्ग आहेत. त्यातले बहुतेक कुणाच्या तरी घरात रडारड घडवतील.

पहिला मोह असतो तो नकाशावर उभी किंवा आडवी रेघ मारण्याचा. बिग ट्वेल्व्हनं १९९६ साली उत्तर-दक्षिण अशी मारली. नेब्रास्का उत्तरेत, ओक्लाहोमा दक्षिणेत. या दोघांचा १९७१चा सामना, नेब्रास्का ३५, ओक्लाहोमा ३१, जुनी माणसं अजून डोळे मिटून सांगतात. तो दरवर्षीचा सामना नव्या वाटणीत राखून ठेवला नाही. चार वर्षांतून दोनदाच व्हायला लागला. १९९८ आणि १९९९ साली झालाच नाही. २०११ साली नेब्रास्का बिग टेनमध्ये निघून गेलं. फक्त त्या रेघेमुळं गेलं असं मी म्हणणार नाही, टीव्हीचा पैसा आणि टेक्सासचा वरचष्मा ही कारणं होतीच. पण जाताना पाय मागं ओढणारा धागा आधीच कापलेला होता.

शिवाय ती वाटणी लंगडी पडली. २००४ ते २०१०, सलग सात वर्षं विजेता दक्षिणेचाच. २००५ साली टेक्सासनं कोलोराडोला ७०-३ असं धुतलं. अंतिम लढतीत, म्हणजे दोन्ही गटांचे अव्वल संघ समोरासमोर असताना.

दुसरा मोह: भूगोल सोडा, ताकद सारखी वाटा. २०११ साली बिग टेननं हे केलं आणि गटांना नावं दिली ‘लीडर्स’ आणि ‘लेजेंड्स’. नावांची इतकी टर उडाली की वाटणीवर धड चर्चाच झाली नाही. नेत्यांत कोण आणि दंतकथांत कोण, हे बिग टेनच्या पगारी माणसालाही पाठ नसावं. मिशिगन एका गटात, ओहायो स्टेट दुसऱ्यात. हेतू उघड होता: अंतिम लढतीत हे दोघं भेटले तर सोन्याहून पिवळं. पण मग नोव्हेंबरअखेरचा सामना झाला की आठवड्यात पुन्हा तेच दोघं. ते टाळायला ‘द गेम’ ऑक्टोबरमध्ये हलवायची कुजबुज झाली, तेव्हा दोन्हीकडचे चाहते प्रथमच एकत्र आले, विरोधासाठी. सामना जागचा हलला नाही. आणि त्या तीन वर्षांत दोघं अंतिम लढतीत भेटलेही नाहीत.

असं लागोपाठ भेटणं कसं वाटतं ते पश्चिम किनाऱ्यावर बघायला मिळालं. २०१२ साली स्टॅनफर्डनं यूसीएलएला साखळीच्या शेवटच्या सामन्यात हरवलं आणि सहाच दिवसांनी अंतिम लढतीत पुन्हा हरवलं. ज्यांनी दोन्ही तिकिटं काढली त्यांची मला दया येते.

पूर्व किनाऱ्यावरच्या एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सनं, तर २००५ साली मायामी आणि फ्लोरिडा स्टेटला मुद्दाम वेगळं ठेवलं, अंतिम लढतीत भिडावेत म्हणून. ते तिथं एकदाही भिडले नाहीत. मायामी तिथवर पोचलं एकदाच, २०१७ साली, आणि समोर होतं क्लेमसन. त्यांच्या कोस्टल गटात २०१३ ते २०१९ या सात वर्षांत सातही संघ एकेकदा पहिले आले. भिशीचा नंबर लागावा तसे! चुरस म्हणाल तर ही, पण अशी कुणी आखून करू शकत नाही. दहा वर्षांनंतर कोण बलवान असेल हे ठाऊक असल्यासारखी वाटणी करणाऱ्यांनी हा गट भिंतीवर टांगावा.

बिग टेन २०१४ साली पुन्हा पूर्व-पश्चिमेवर आलं. मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट, मिशिगन स्टेट सगळे पूर्वेत. ‘द गेम’ला पुन्हा धार आली, कारण ऑबर्नसारखंच इथंही एका सामन्यावर गट ठरू लागला. पण २०१४ ते २०२३ या दहाच्या दहा अंतिम लढती पूर्वेनं जिंकल्या. कोणता दोष बरा? मला विचाराल तर हा. लंगडा गट दर डिसेंबरात एक दिवस रटाळ जातो. तुटलेली खुन्नस वर्षभर सलते.

रेघ कुठंही मारा, ती कुणाच्या तरी अंगणातून जातेच. एसईसीतलं ऑबर्न हे पूर्व गटातल्या व्हँडरबिल्टच्या नॅशव्हिलपेक्षा पूर्वेला, पण गट पश्चिमेचा. मिझुरी नकाशावर दोघांच्याही पश्चिमेला, पण २०१२ साली आल्यावर त्याला पूर्वेत टाकलं, कारण अलाबामा-ऑबर्नला पश्चिमेतून हलवायची कुणाची छाती नव्हती.

पायरी ५: राखीव सामना, आणि त्याची किंमत

गट वेगळे पण सामना दरवर्षी, असा एक पूल बांधता येतो. एसईसीनं तो बांधला म्हणून अलाबामा-टेनेसी आणि १८९२ सालापासूनची जॉर्जिया-ऑबर्न ही खुन्नस वाचली. बिग टेनमध्ये पूर्व-पश्चिम रेघ इंडियाना राज्यातून गेली. तिथं इंडियाना-पर्ड्यू हा एकच राखीव सामना ठेवला, त्या लाकडी बादलीसाठी.

किंमत पायरी तीनमध्ये मोजलीच आहे: एक पूल बांधला की बाकीचे रस्ते बंद. एसईसीनं सुरुवातीला दोन राखीव ठेवले होते, नंतर एकावर आलं आणि २००२नंतर ऑबर्न-फ्लोरिडा ही जुनी लढत दरवर्षीची राहिली नाही. सगळ्यात हास्यास्पद प्रकार नॉर्थ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्टचा. दोघं एकाच राज्यातले, एकाच कॉन्फरन्समधले, गट मात्र वेगळे. भेट होईना म्हणून त्यांनी २०१९ आणि २०२१ साली कॉन्फरन्सबाहेरचा सामना म्हणून एकमेकांशी खेळून घेतलं. सख्ख्या भावाला पाहुणा म्हणून जेवायला बोलवायचं, त्यातली गत.

पायरी ६: गटच काढून टाका

मे २०२२मध्ये एनसीएएनं गटांची अट उठवली. एसीसीनं २०२३ साली, बिग टेन आणि एसईसीनं २०२४ साली गट मोडले. आता क्रमवारीतले पहिले दोन संघ अंतिम लढत खेळतात आणि वाटणीऐवजी प्रत्येक संघाला काही कायमचे प्रतिस्पर्धी मिळतात.

एसईसीचा २०२६पासूनचा आराखडा मला सगळ्यांत पटतो. सोळा संघ, नऊ सामने, प्रत्येकाला तीन कायमचे. उरलेले बारा सहा-सहा करून आलटून पालटून. म्हणजे दोन वर्षांत प्रत्येकाशी गाठ, चार वर्षांत प्रत्येकजण एकदा आपल्या मैदानावर. कागदाच्या वर काय लिहिलंय ते बघा. अलाबामाला ऑबर्न, टेनेसी आणि मिसिसिपी स्टेट. टेक्सासला ओक्लाहोमा, आर्कान्सा आणि टेक्सास ए अँड एम. अलाबामा-एलएसयू मात्र दरवर्षी होणार नाही, त्यावर लुइझियानात बरीच आदळआपट झाली.

बिग टेनची गोष्ट अवघड. अठरा संघांत तीन कायमचे धरले तर उरतात चौदा, आणि जागा सहा. हिशेब बसत नाही. एकच कायमचा धरला तर सोळा आणि आठ, छान बसतं, पण मग आयोवानं मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का यांतलं कुणाला सोडायचं? म्हणून त्यांनी समान वाटपाचा नादच सोडला. बारा जोड्या राखीव. आयोवाला तीन, पेन स्टेटला एकही नाही. ऐकायला अन्याय वाटतो, पण मला हे शहाणपणाचं वाटतं. पेन स्टेटचं जुनं वैर पिट्सबर्गशी, आणि ते एसीसीत. नसलेली खुन्नस वाटून देता येत नाही.

दोष यातही आहेच. गट गेले की बरोबरी सोडवणं किचकट होतं. २०२५ साली एसीसीत दुसऱ्या जागेसाठी पाच संघ बरोबरीत होते आणि नियमांच्या जंजाळातून पुढं आलं एकूण ७-५ (सात विजय, पाच पराभव) कामगिरीचं ड्यूक, आणि त्यानं चषकही नेला. पण गट असतानाही हे सुटत होतं असं नाही: २००८ साली बिग ट्वेल्व्हच्या दक्षिण गटात टेक्सास, ओक्लाहोमा आणि टेक्सास टेक तिघंही ११-१ होते. टेक्सासनं ओक्लाहोमाला हरवलं होतं, तरी देशपातळीवरच्या क्रमवारीनं ओक्लाहोमा पुढं गेलं. टेक्सासच्या गावी, ऑस्टिनला, कुणाशी हा विषय काढायचा असेल तर वेळ हातात ठेवून काढा.

पायरी ७: आपल्या कॉन्फरन्सचा कागद भरा

आता तुमची पाळी. सगळे संघ गोलात लिहा. पेननं लिहिलेल्या खुन्नसी रेघांनी जोडा. ज्याला तीन रेघा त्याला तीन, ज्याला एक त्याला एक. मग उरलेले सामने चार वर्षांत बसतात का ते बघा. बसत नसतील तर पेन्सिलच्या जोड्या पुसा, पेनच्या नको.

कॉन्फरन्सबाहेरचे सामने विसरू नका. आयोवा-आयोवा स्टेट, क्लेमसन-साउथ कॅरोलायना, फ्लोरिडा-फ्लोरिडा स्टेट हे वेगवेगळ्या कॉन्फरन्समधले असून दरवर्षी खेळतात. याच्या उलट टोकाला आर्मी-नेव्ही, म्हणजे लष्कर आणि नौदल यांच्या अकादम्या. नेव्ही २०१५ साली आणि आर्मी २०२४ साली ‘अमेरिकन’ नावाच्या एकाच कॉन्फरन्समध्ये आलं, तरी १८९०पासून चालत आलेला हा सामना ते त्या कॉन्फरन्सच्या हिशेबात धरतच नाहीत. सगळ्यांच्या अंतिम लढती उरकल्यावर, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, स्वतंत्रपणे खेळतात. वाटणीत पडायचंच नाही, हाही एक मार्ग.

शेवटी एक व्यवहाराचं. वेळापत्रक जाहीर झालं की खुन्नसीचा शनिवार आधी कॅलेंडरवर टाका. त्या आठवड्यात आईबाबांना बोलावू नका; हॉटेलच्या खोल्या दुप्पट-तिप्पट भावानं जातात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. बोलावलंच असेल तर त्यांना लाल शर्ट आणून द्या. माझ्या बाबांनी तो घातला, सामना संपेपर्यंत उभं राहून पाहिला, आणि घरी येताना विचारलं, “पण हे दोघं एकाच गटात का नव्हते?”